उलगडा : चाळीस हजार वजा सातशे



प्रत्येक घरात एक तरी असा माणूस असतो, जो सिनेमा बघत नाही, सिनेमाची तपासणी करतो. आमच्या घरात ते काम माझ्या भाच्याकडे आहे. वय वर्षं सोळा. रिमोट त्याच्याच हातात. सगळे श्वास रोखून बसलेले असताना हा मध्येच ओरडतो, "मावशी, मागे घे, मागे घे! आत्ता तिचा ग्लास अर्धा होता, आता पूर्ण कसा भरला?"

तुमच्याकडेही असेल असं कुणी. कदाचित ते तुम्ही स्वतःच असाल.

गेल्या महिन्यात सुट्टीत तो आला, तेव्हा आम्ही आल्फ्रेड हिचकॉकचा 'सायको' पाहायला बसलो. १९६० सालचा, काळापांढरा, इंग्रजी. माझी आई मेथी निवडत सोबत बसली होती. तिला इंग्रजी संवाद सगळे समजत नाहीत, म्हणून भाचा मधूनमधून मराठीत सांगत होता आणि एकीकडे वहीत चुका टिपत होता. सिनेमा संपला तेव्हा त्याच्याकडे सात चुकांची यादी होती. आईकडे एकच प्रश्न होता. त्या प्रश्नाने मात्र मला रात्री झोप लागू दिली नाही.

तो प्रश्न शेवटी सांगते. आधी सिनेमा उलगडू या. एक सूचना : मी शेवटासकट सगळं सांगणार आहे. 'सायको' पाहिला नसेल तर हा लेख बाजूला ठेवा, सिनेमा बघा आणि मग या. हिचकॉकने स्वतः चित्रपटगृहांना बजावून ठेवलं होतं की खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. मग मी तरी त्याचा खेळ का मोडू?

चुकांचे तीन प्रकार

रहस्यपटात चूक सापडली की आपण सगळ्यांना एकाच टोपलीत टाकतो. खरं तर त्या तीन वेगवेगळ्या जातीच्या असतात.

पहिली हाताची चूक. म्हणजे कंटिन्युइटीची. सिनेमा सलग शूट होत नाही. आज शेवटचा प्रसंग, उद्या पहिला. एकाच संभाषणातला तिचा चेहरा सकाळी घेतात, त्याचा चेहरा संध्याकाळी. मध्ये केस हलतात, मेणबत्ती वितळते, ग्लास भरला जातो. म्हणून सेटवर एक माणूस फक्त याच कामाला असतो. कुणाच्या कोणत्या हातात काय होतं, दार किती उघडं होतं, सगळं टिपून ठेवायचं. त्याची नजर चुकली की आमच्या भाच्याला काम मिळतं.

दुसरी हिशेबाची चूक. म्हणजे कथानकातलं भोक. अमुक माणूस दहा मिनिटांत तिथे पोचलाच कसा? पोलिसांनी फोन का तपासला नाही?

तिसरी मनाची चूक. माणूस जे करतो ते तो का करतो, हेच पटत नाही. कथा पुढे ढकलायची म्हणून लेखकाने त्याला ते करायला लावलंय, हे उघड दिसतं.

माझा अनुभव असा की पहिली चूक आपण हसून सोडून देतो. दुसरीवर वाद घालतो. तिसरी मात्र सिनेमा संपवते. मग पुढे कितीही खून पडोत, आपल्याला काही वाटत नाही.

आता या तीन चाळण्यांतून 'सायको' गाळून बघू.

कथा थोडक्यात

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं फिनिक्स शहर. मॅरियन क्रेन एका मालमत्ता विकणाऱ्याच्या कचेरीत दहा वर्षं नोकरी करतेय. तिचा प्रियकर सॅम लूमिस दूर कॅलिफोर्नियातल्या फेअरव्हेल गावात हार्डवेअरचं दुकान चालवतो. वडिलांचं कर्ज फेडतोय, घटस्फोटित बायकोला पोटगी देतोय. लग्न करायचंय, पण पैसे नाहीत. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, स्वस्तातल्या हॉटेलच्या खोलीत चोरून भेटायचं, हेच त्यांचं आयुष्य.

त्याच दुपारी एक श्रीमंत गिऱ्हाईक कचेरीत येतं आणि मुलीच्या लग्नाची भेट म्हणून घर घ्यायला चाळीस हजार डॉलर रोख टेबलावर ठेवतं. मालक मॅरियनला म्हणतो, बँकेत भर. ती डोकं दुखतंय असं सांगून निघते आणि पैसे घेऊन सॅमच्या गावाची वाट धरते.

रात्र गाडीत काढते. सकाळी काळ्या चष्म्याचा पोलीस तिला उठवतो. घाबरून ती जुन्या गाड्यांच्या बाजारात आपली गाडी देऊन, वर सातशे डॉलर मोजून दुसरी गाडी घेते. पुन्हा रात्र, मुसळधार पाऊस. हमरस्ता चुकतो आणि समोर येतं बेट्स मोटेल. बारा खोल्या, बाराही रिकाम्या. मालक नॉर्मन बेट्स : लाजरा, सडपातळ, बोलताना अडखळणारा तरुण. वरच्या टेकडीवरच्या घरात त्याची आजारी आई.

त्याच रात्री अंघोळ करताना मॅरियनचा खून होतो. एक म्हातारी बाई चाकू घेऊन येते. नॉर्मन ते पाहून हादरतो, आईचा गुन्हा लपवायला सगळं धुऊन काढतो आणि प्रेत गाडीत घालून गाडी दलदलीत बुडवतो. वर्तमानपत्रात गुंडाळलेले पैसेही त्यातच जातात. ते पैसे आहेत हे त्याला माहीतही नसतं.

मग मॅरियनला शोधत येतात खासगी गुप्तहेर आर्बोगास्ट, बहीण लायला आणि सॅम. आर्बोगास्ट मारला जातो. गावचा शेरीफ सांगतो की नॉर्मनची आई तर दहा वर्षांपूर्वीच मेली. शेवटी तळघरात लायलाला खुर्चीत बसवलेलं, वाळलेलं प्रेत सापडतं. आणि आईचे कपडे, आईचा टोप घालून, चाकू घेऊन धावत येतो तो स्वतः नॉर्मन.

पहिली चाळणी : हाताच्या चुका

भाच्याची यादी इथून सुरू झाली. "मावशी, रस्त्यावर नाताळची सजावट आहे आणि अख्ख्या सिनेमात नाताळचं नाव नाही!"

त्याचं बरोबर आहे. सिग्नलला मॅरियनची गाडी थांबते आणि समोरून तिचा मालक रस्ता ओलांडतो, त्या प्रसंगात मागे शहराच्या रस्त्यावर नाताळची सजावट दिसते. रस्त्याची ही दृश्यं वेगळ्या पथकाने फिनिक्समध्ये जाऊन घेतली होती. सजावट त्यात आपोआप आली. ती पुसणं शक्य नव्हतं. म्हणून सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर तारीखच टाकली, शुक्रवार, ११ डिसेंबर, असं त्यामागचं कारण सांगितलं जातं. चूक झाकायला एक ठिगळ.

आता या ठिगळाची गंमत बघा. मॅरियन शुक्रवारी पळते, शनिवारी रात्री मरते. साधारण आठवडा उलटल्यावर तिचा शोध लागतो. एका रविवारी सकाळी शेरीफ चर्चमधून बाहेर पडताना आपल्याला दिसतो. म्हणजे नाताळ अगदी तोंडावर आलेला. आणि त्या चर्चच्या दारात, त्या गावात, कुणाच्याही तोंडी नाताळ नाही! एक ठिगळ लावलं आणि दुसरीकडे उसवलं.

दुसरी चूक तर डॉक्टरांनी पकडली. खुनानंतर कॅमेरा मॅरियनच्या उघड्या डोळ्यापासून हळूहळू मागे येतो. माणूस मेल्यावर डोळ्याची बाहुली विस्फारते. इथे ती बारीक दिसते, कारण जॅनेट लीच्या डोळ्यावर सेटवरचे प्रखर दिवे होते. नेत्रतज्ज्ञांनी हिचकॉकला पत्रं लिहिली आणि उपायही सुचवला : बाहुली मोठी करणारे बेलाडोनाचे थेंब घाला. त्याने पुढच्या चित्रपटांत तो सल्ला मानला असं म्हणतात.

आणि एक चूक तर घरातच पकडली गेली. हिचकॉकची बायको आल्मा रेव्हिल स्वतः पटकथा आणि संकलनातली जाणकार. सिनेमा तयार झाल्यावर इतक्या लोकांनी तो पाहिला, कुणाला काही दिसलं नाही. तिने पाहिला आणि म्हणाली, मेलेली मॅरियन किंचित हलतेय. मग संकलनात ती जागा दुरुस्त करावी लागली. वाचकहो, घरातल्या चूक पकडणाऱ्या माणसाला गप्प करू नका, एवढाच याचा बोध!

एवढ्या सगळ्यात एक गोष्ट लक्षात घ्या. न्हाणीघरातला तो एक प्रसंग शूट करायला सात दिवस लागले होते. कॅमेरा सत्तरहून जास्त वेळा वेगवेगळ्या ठिकाणी लावला गेला. पडद्यावर तो तीन मिनिटांत आटोपतो. रक्त म्हणून चॉकलेट सिरप होतं आणि चाकूचा आवाज खरबुजात सुरा खुपसून काढला होता. नॉर्मनची भूमिका करणारा अँथनी पर्किन्स तर त्या वेळी नाटकाच्या तालमींसाठी न्यूयॉर्कला होता. चाकू धरणारी 'आई' दुसरीच व्यक्ती होती. इतक्या तुकड्यांतून शिवलेला प्रसंग आणि पाहताना एकही टाका दिसत नाही. कारण आपण बाहुली बघत नसतो, आपण घाबरलेले असतो. त्यात बर्नार्ड हर्मनच्या व्हायोलिनचा किंचाळता आवाज. हिचकॉकला आधी तिथे संगीत नकोच होतं. ऐकल्यावर त्याने मत बदललं.

दुसरी चाळणी : हिशेबाच्या चुका

भाच्याची पुढची तक्रार जास्त गंभीर होती. "मॅरियन येते तेव्हा वरच्या खिडकीत बाई चालताना दिसते. ती बाई म्हणजे नॉर्मनच ना? मग लगेच पँट घालून छत्री घेऊन खाली कसा आला?"

खरंय. घड्याळ लावून बघितलं तर ते जमत नाही. हिचकॉक अशा प्रश्नांना हसायचा. तो म्हणायचा की हे प्रश्न प्रेक्षकाला घरी जाऊन फ्रीज उघडल्यावर पडतात. म्हणजे थिएटरात नाही पडले ना? मग झालं!

पण इतर ठिकाणी हिशेब किती चोख आहे तेही बघा. आर्बोगास्टला खिडकीत आई दिसते, तेव्हा नॉर्मन त्याच्याच शेजारी उभा असतो. मग खिडकीत कोण? पण ती आकृती बसलेली आहे, हलत नाही. ते प्रेत आहे. मॅरियनला घरातून आई-मुलाचं भांडण ऐकू येतं, पण दोघं एकत्र दिसत नाहीत. आईचा चेहरा शेवटपर्यंत आपल्याला नीट दिसत नाही. दुसऱ्यांदा बघा. सिनेमा आपल्याशी खोटं बोललेला नाही. त्याने फक्त आपल्याला चुकीच्या दिशेला बघायला लावलंय.

आणि माझा सगळ्यात आवडता भाग : या सिनेमात एक पात्रच चुका पकडणारं आहे. आर्बोगास्ट नॉर्मनशी गप्पा मारतो. नॉर्मन आधी म्हणतो, कित्येक दिवसांत इथे कुणी आलेलं नाही. मग बोलता बोलता म्हणतो, मध्ये एक जोडपं आलं होतं. आर्बोगास्ट शांतपणे तिथेच बोट ठेवतो. मग रजिस्टर उघडतो. 'मेरी सॅम्युअल्स' नावाची सही आणि मॅरियनचं हस्ताक्षर जुळवतो. आमचा भाचा हा प्रसंग बघताना पहिल्यांदा गप्प बसला. बहुतेक त्याला आपला माणूस भेटला होता.

तुम्हाला आठवत असेल, हिंदी 'दृश्यम'मध्ये, गोव्यात घडणाऱ्या निशिकांत कामतांच्या सिनेमात, सगळा डाव एका तारखेवर आहे. २ ऑक्टोबर. तिथे विजय साळगावकर साक्षीदारांच्या डोक्यातली कंटिन्युइटीच बदलून टाकतो. तो स्वतः सिनेमाचा वेडा आहे, त्याला माहीत आहे की माणसं तारीख लक्षात ठेवत नाहीत, चित्र लक्षात ठेवतात. नॉर्मनला हे जमत नाही. तो खोटं रचू शकत नाही, फक्त घाबरत घाबरत बोलत जातो. आणि म्हणून तो खरा वाटतो.

तिसरी चाळणी : मनं

आता मुख्य मुद्दा. ही माणसं जे करतात, ते का करतात?

मॅरियनपासून सुरू करू. ती सराईत चोर नाही. दहा वर्षं एका ठिकाणी इमानाने नोकरी केलेली बाई आहे. तिला हिरे नकोत, विदेश दौरा नको. लपूनछपून भेटणं संपावं, चारचौघांसारखं घर असावं, एवढंच हवंय. समोर बसलेला माणूस पैशाने दुःख दूर ठेवता येतं अशा बढाया मारतोय, लेकीसाठी घर घेतोय आणि हिच्याकडे लग्नापुरतेही नाहीत. त्या पैशांवर तिने मुठ आवळली, तर आपल्याला राग येत नाही. आपण तिच्या गाडीत बसतो.

हिचकॉक तिचं मन कपड्यांतून दाखवतो. चोरीआधी तिची पर्स पांढरी, चोरीनंतर काळी. हे बदलणं चूक नव्हे, खूण आहे. मोटेलच्या रजिस्टरमध्ये ती खोटं आडनाव लिहिते ते 'सॅम्युअल्स'. खोटं बोलतानाही तोंडात सॅमचंच नाव आहे.

आणि मग ते संभाषण. भुसा भरलेल्या पक्ष्यांच्या खोलीत नॉर्मन तिला सँडविच आणि दूध देतो. तो सांगतो की आपण सगळे आपापल्या सापळ्यात अडकलेलो आहोत, कितीही धडपडलो तरी सुटत नाही. तो आपल्याविषयी बोलत असतो. पण ऐकता ऐकता मॅरियनला आपला सापळा दिसतो. तो जन्मापासून अडकलाय, आपण तर कालच स्वतःहून शिरलोय. म्हणजे अजून निघता येईल. ती ठरवते, सकाळी परत फिनिक्सला जायचं.

उठताना ती आपलं आडनाव सांगते : क्रेन. रजिस्टरमध्ये सॅम्युअल्स, तोंडी क्रेन. भाच्याने वहीत लगेच लिहिलं, "चूक क्र. ५ : नाव बदललं." मी म्हटलं, अरे, ही लेखकाची चूक नाही. तिने परत जायचं ठरवलंय ना, मग खोटं नाव कशाला सांभाळेल? ती पुन्हा स्वतः झाली. नॉर्मन नंतर रजिस्टर बघतो, त्यालाही फरक कळतो. भाच्याने पाच नंबर खोडला. त्याच्यासाठी ते फार मोठं होतं.

नॉर्मनचं मन याहून अवघड. रॉबर्ट ब्लॉकच्या १९५९ सालच्या ज्या कादंबरीवर हा सिनेमा आहे, तिच्यात नॉर्मन जाडा, चाळिशीचा, दारू पिणारा आहे. पटकथाकार जोसेफ स्टेफानो आणि हिचकॉकने त्याला तरुण, देखणा, दयाळू केला. का? कारण आपल्याला तो आवडायला हवा होता. गाडी दलदलीत बुडत असते आणि मध्येच थांबते. आठवा, त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं? जिच्यासोबत आपण अर्धा सिनेमा प्रवास केला तिचं प्रेत त्या गाडीत आहे आणि आपण मनात म्हणतो, बुड लवकर! आपणही त्याच्या बाजूने झालो. पटकथेतली इतकी मोठी कसरत आणि मनाचा एकही टाका उसवलेला नाही.

शेवटी पोलीस ठाण्यात मानसोपचारतज्ज्ञ उभा राहून सगळं समजावतो. आईने दुसऱ्या पुरुषाला जवळ केलं म्हणून नॉर्मनने दोघांनाही विष घातलं. तो गुन्हा सोसवेना, म्हणून प्रेत घरी आणलं, जपलं आणि आपल्या मनाचा अर्धा भाग आईला देऊन टाकला. त्याला एखादी मुलगी आवडली की आतली 'आई' जळते आणि मारते. अनेक समीक्षकांना हे भाषण खटकलं. मलाही खटकतं. इतका वेळ आपण नॉर्मनचे डोळे वाचत होतो, आणि आता कुणीतरी फळ्यावर गणित सोडवून दाखवतं.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. हा लेख घरातली लहान-मोठी सगळी मंडळी वाचतात म्हणून मुद्दाम. अशा सिनेमांनी एक वाईट सवय लावली : मन आजारी म्हणजे माणूस धोकादायक. प्रत्यक्षात मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कुणालाही इजा करत नाहीत. उलट त्यांनाच त्रास दिला जाण्याची शक्यता जास्त असते. तुमच्या इमारतीत, तुमच्या नात्यात कुणी उपचार घेत असेल, तर त्याला 'सायको' म्हणून हाक मारू नका. हा शब्द सिनेमाच्या पोस्टरवरच राहू द्या.

हुबेहूब नक्कल, तरीही

१९९८ साली गस व्हान सँट या दिग्दर्शकाने 'सायको' पुन्हा बनवला. रंगीत, पण जवळजवळ प्रत्येक शॉट हिचकॉकसारखाच. महागाईच्या हिशेबाने चाळीस हजारांचे चार लाख डॉलर केले, एवढे बदल. ज्यांनी तो पाहिला त्यातल्या बहुतेकांना तो निर्जीव वाटला. कॅमेरा त्याच जागी, संवाद तेच, प्रसंगांचा क्रम तोच. सगळं जुळलं आणि काहीच जुळलं नाही. तारखेची चूक असलेला, बाहुली चुकलेला १९६० चा सिनेमा आपण आजही बघतो. याचा अर्थ चुका चांगल्या असतात असा नाही. अर्थ एवढाच की माणसं खरी असतील तर आपण चुकांसकट सिनेमा जपतो.

आणि आता आईचा प्रश्न

सिनेमा संपला. दलदलीतून साखळीने गाडी वर येते, तो शेवटचा शॉट. भाच्याने सात चुका वाचून दाखवल्या, एक खोडून सहा. मी नॉर्मनबद्दल काहीतरी मोठं बोलत होते. आईने मेथीचे देठ कागदात गुंडाळले आणि विचारलं,

"ती पैसे परत करणार होती, हे तिच्या बहिणीला कळलं का गं?"

मी गप्प झाले. मग आम्ही तिघांनी मिळून आठवायला सुरुवात केली.

मरण्याआधी मॅरियन टेबलाशी बसून कागदावर आकडेमोड करते. चाळीस हजार वजा सातशे. एकोणचाळीस हजार तीनशे. गाडीसाठी खर्च झालेले सातशे भरून काढायला हवेत, याचा तो हिशेब. मग ती कागद फाडते आणि संडासात टाकून पाणी सोडते. आणि अंघोळीला जाते. तिच्या मनात काय चाललंय, हे त्या खोलीत फक्त आपण पाहतो.

नंतर लायलाला त्या संडासात चिकटलेला कागदाचा एक कपटा सापडतो. त्यावर चाळीस हजारांतून काहीतरी वजा केल्याचं दिसतं. ती म्हणते, हा पुरावा, मॅरियन इथे आली होती. बस. तिला कपट्यावरून एवढंच कळतं. ती वजाबाकी पश्चात्तापाची होती, हे तिला कळायला वाव नाही. नॉर्मनने मॅरियनच्या तोंडून परत जाण्याचं ऐकलं होतं, पण त्याला पैशांविषयी माहिती नव्हती. आणि शेवटी तर नॉर्मन उरलेलाच नाही, फक्त आई उरली आहे. मानसोपचारतज्ज्ञ इतकं लांबलचक बोलतो, पण मॅरियनने परत जायचं ठरवलं होतं, हे त्यात नाही. मालकाला नाही कळलं. सॅमला नाही. लायलाला नाही.

त्या सगळ्यांसाठी मॅरियन कायमची 'पैसे घेऊन पळालेली' राहिली. गाडीतून पैसे मिळतील, घरमालकाच्या हातात पडतील, आणि लोक म्हणतील, बघा, चोरीचा शेवट असा होतो.

भाचा म्हणाला, "आजी, मग ही पटकथेची चूक झाली ना? कुणाला तरी कळायला हवं होतं."

आई म्हणाली, "चूक कशाची? असंच असतं. माणूस परत फिरायला निघालेला असतो आणि वाटेत काहीतरी होतं. मागे राहिलेल्यांना तो निघून गेला एवढंच कळतं."

आईने हे कुणाबद्दल म्हटलं ते मला माहीत आहे. आमच्या घरात असं एक माणूस होतं. भांडून गेलेलं, परत येण्याआधीच गेलेलं. त्याच्या खिशात काय हिशेब लिहिलेला होता, कुणालाच कळलं नाही. मी इथे त्याहून जास्त सांगणार नाही. पण त्या रात्री मी जागीच होते. इतकी वर्षं आम्ही त्या माणसाच्या वागण्यातल्या फक्त चुकाच मोजत होतो, हे मला लख्ख दिसलं.

भाच्याने वही उघडली आणि सहा चुकांखाली एक ओळ लिहिली. मी वाचायला मागितली तर दाखवली नाही. मोठं होण्याची ही पहिली खूण असावी.

वाचकहो, पुढच्या वेळी रहस्यपट बघाल तेव्हा चुका जरूर शोधा. मजा येते. घरातल्या तपासनीसाला ओरडू नका. पण सिनेमा संपल्यावर एक प्रश्न आणखी विचारून बघा : या गोष्टीत असं काय आहे, जे फक्त मला कळलं आणि पडद्यावरच्या कुणालाच कळलं नाही? अनेकदा खरी गोष्ट तिथेच लपलेली असते.

आणि तुमच्याही ओळखीत कुणी मागे काहीतरी मोडून गेलेलं असेल आणि अजून फोनच्या टप्प्यात असेल, तर एकदा विचारून बघा. कदाचित त्याचीही वजाबाकी करून झाली असेल.

तुम्ही कोणत्या रहस्यपटात कोणती चूक पकडलीत आणि ती माफ केलीत का, हे मला जरूर कळवा. भाच्याची वही अजून अर्धी रिकामी आहे.

पुढच्या भागात भेटू. तोवर दाराची कडी नीट लावा!